थांबचा हात

आमच्या भावोजींना कारखान्यात सगळे मुकादम म्हणायचे. ते मुकादम कधीच नव्हते. बोलायचे कमी म्हणून मुका, आणि एकदा पाय रोवले की हलायचे नाहीत म्हणून दम. कुणीतरी चहाच्या सुट्टीत ही फोड केली आणि ती पंचवीस वर्षं त्यांना चिकटली. खरे मुकादम आले नि गेले, पण ‘मुकादम’ अशी हाक आली की लोक भावोजींकडेच बघायचे.

त्यांचं काम क्रेनला खुणा करण्याचं. वितळलेल्या लोखंडाची बादली, म्हणजे आमची स्वयंपाकाची खोली आत मावेल एवढी, डोक्यावरच्या क्रेनला लटकून भट्टीकडून साच्यांकडे जायची. क्रेनवाला वर केबिनमध्ये. त्याला धूर आणि झळा यांपलीकडे धड काही दिसत नाही, आणि आवाज असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून खाली भावोजी उभे राहायचे आणि त्यांचे हात बोलायचे. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळहात जमिनीकडे दाबला की खाली घे. आणि उघडा पंजा डोक्यावर ताठ धरला की थांब.

थांबचा नियम मात्र वेगळा होता. बाकीच्या खुणा एकट्या भावोजींनी करायच्या, थांबची खूण कुणीही करावी, झाडूवाल्यानेसुद्धा. आणि एकाचा पंजा वर गेलेला दिसला की ज्याला दिसला त्यानं का-कशाला न विचारता आपलाही वर करायचा. वाफेत एक हात क्रेनवाल्याला दिसेलच असं नाही, पन्नास दिसतात. काय झालं ते नंतर विचारायचं. हे त्या माणसांच्या अंगात इतकं मुरलं होतं की वसाहतीत एखाद्यानं सायकलवाल्याला थांबवायला हात वर केला, तरी कट्ट्यावर बसलेल्या चौघांचे हात आपोआप वर जायचे.

घरीही तेच. जेवताना पुरे झालं की भावोजींचा पंजा वर. ताई वैतागायची. “तोंडानं ‘पुरे’ म्हणा की! मी काय क्रेन आहे?” मी अकरा वर्षांची असताना आई-वडील गेले आणि मी ताईच्या घरी राहायला आले. भावोजींनीच मला शिकवलं, टायपिंगच्या क्लासला सायकलवर सोडलं. तेव्हा ती हातांची भाषा मलाही चांगली येते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ती येत नसल्यासारखी वागले.

कारखाना बंद झाला तो एका सोमवारी, गेटवर एक कागद डकवून. मालक कंपनी दिवाळखोर ठरली होती. साडेचार हजार माणसं घरी बसली. एक भट्टी तेवढी गॅसवर गरम ठेवली होती, कारण भट्टी एकदा थंड झाली की आतलं लोखंड गोठतं, अस्तराच्या विटांना तडे जातात, आणि मग ती भट्टी उरत नाही, भंगार उरतं. भट्टी गरम असेल तर उद्या कुणी विकत घेईल, थंड असेल तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. एवढं वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मग सरकार आलं. बैल गेला आणि झोपा केला, तसं. कारखान्याच्या टाइम ऑफिसात, जिथे माणसं हजेरीची कार्डं पंच करायची, तिथे ‘कामगार मदत कक्ष’ उघडला, आणि त्यात सहा महिन्यांच्या कंत्राटावर मला टंकलेखिका म्हणून घेतलं. घरात तेवढी एकच नोकरी उरली. खिडकीवर बसून मी माणसांचे अर्ज भरायचे. अर्जात ‘कौशल्य’ असा रकाना होता, आणि कौशल्यांची सरकारनं छापलेली यादी. तीत गवंडी होता, सुतार होता, केशकर्तनकार होता. भट्टीवाला नव्हता. क्रेनला खुणा करणारा तर नव्हताच. भावोजी रांगेतून माझ्यासमोर आले तेव्हा मीच त्यांच्या नावापुढे ‘इतर’ लिहिलं. त्यांनी वाकून वाचलं, मान हलवली आणि गेले. सल्लागार म्हणून आलेल्या पोरसवदा साहेबानं त्यांना मोठ्या दुकानाच्या आवारात गाड्या लावून घेण्याचं काम सुचवलं. “तुम्हाला हातवाऱ्यांचा अनुभव आहेच!” असंही वर म्हणाला. मला त्याच्या डोक्यात शिक्का मारावासा वाटला.

घरी त्यांचं बसणं बंद झालं. दोन खोल्यांत माणूस चालून चालून किती चालणार? दारापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. ताई म्हणायची, “अहो, टेका जरा, फरशी झिजेल.” तीही काही कमी नव्हती. पूर्वी खिडकीत रोज काळी धूळ साचायची आणि ती कारखान्याच्या नावानं बोटं मोडत पुसायची. आता धूळ येत नव्हती, तरी ती रोज पुसायचीच. पुसून फडक्याकडे बघायची, आणि ते कोरं दिसलं की तिचा चेहरा उतरायचा.

मग ती सभा झाली. राजधानीहून मोठे साहेब येणार, कामगारांचं ऐकून घेणार, असं ठरलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसं दाटीवाटीनं बसली. वर पत्र्यात पंखे खडखडत होते आणि माइक दर दोन वाक्यांनी किंचाळत होता. मी मंचाच्या कडेला, पुढ्यात संगणक घेऊन, सभेचं इतिवृत्त लिहायला. साहेबांनी सरकारी भाषेत एक प्रस्ताव वाचला. भाषांतर करायचं तर एवढंच, की भट्टीचा गॅस बंद करायचा, जागा मोकळी करायची, आणि माणसांना नवीन कामं शिकवायची. अळिंबी पिकवणं, मोबाइल दुरुस्ती, रोपवाटिका. मागच्यांना यातलं निम्मं ऐकू गेलं नाही. पुढच्यांना मात्र ‘भट्टीचा गॅस बंद’ हे बरोबर ऐकू गेलं.

भावोजी तिसऱ्या रांगेत होते. ते उभे राहिले. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि त्या गोंगाटात उपयोगही नव्हता. त्यांनी उघडा पंजा डोक्यावर ताठ धरला.

नेमकं त्याच क्षणी साहेब किंचाळत्या माइकमधून म्हणाले, “ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत.”

मुकादमाचा पंजा वर दिसला आणि तीनशे पंजे वर गेले. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होते त्यांचेसुद्धा. कुणी विचारलं नाही, कुणी शेजारी बघितलं नाही. साहेबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. कॅमेरे चमकले, मंचावर टाळ्या वाजल्या. टाळ्या ऐकून माणसांना कळलं काय झालं ते, आणि मग जो गलका उठला त्यात साहेब मागच्या दारानं गाडीत बसलेसुद्धा. जाता जाता त्यांनी मला वाक्य सांगितलं. मी लिहिलं: ‘उपस्थित सर्व कामगारांनी हात वर करून एकमताने संमती दिली.’ खाली नोंद घेणारी म्हणून माझी सही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. तीनशे हात, आणि सगळ्यांत ठळक भावोजींचा. बरोबर आदेशही आला. पुढच्या गुरुवारी दुपारी बारा वाजता भट्टीचा गॅस बंद.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. ज्यांनी स्वतः हात वर केले होते तेच आता म्हणायला लागले, मुकादम फितूर झाला, त्याची मेहुणी सरकारात आहे ना! ताई पाण्याच्या नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं.  भावोजींनी चपला घातल्या आणि ते सरकारी कचेरीत जायला लागले. त्यांना बाकी काही नको होतं. ती एक ओळ खोडून हवी होती, गुरुवारच्या बाराच्या आत.

पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं, इतिवृत्तावर सही झाली की विषय संपला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, अर्ज करा. अर्ज केला. तो ‘विचाराधीन’ झाला. युनियनचं पत्रही त्याच ढिगात गेलं. भावोजींनी कारकुनापुढे उभं राहून खुणा करून दाखवल्या, ही उचलची, ही खालीची, ही थांबची. कारकून हसला आणि शेजारच्याला बोलावून म्हणाला, “बघ रे, पुन्हा करा काका.” त्यांनी पुन्हा केल्या. शनिवारी ते कारखान्याचं सुरक्षेचं पुस्तक घेऊन गेले. त्यात उघड्या पंजाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘थांबा’. कचेरीतल्या छोट्या साहेबांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “हे कंपनीचं पुस्तक. कंपनीच राहिली नाही तर पुस्तकाला काय अर्थ?” सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणतात. इथे थांब म्हटलं म्हणूनच काम झटपट झालं होतं.

आणि मी? मी रोज त्यांच्याबरोबरच घरातून निघत होते. मदत कक्ष पुढे तळमजल्यावर, कचेरी मागच्या इमारतीत वर. मी खिडकीवर बसायचे, ते मागच्या जिन्यानं वर जायचे. संध्याकाळी ताई विचारायची, “काय झालं?” ते म्हणायचे, “बघू.” मी ताटात बघत जेवायचे. मनाशी म्हणायचे, मला साहेबांनी सांगितलं ते मी लिहिलं. टंकलेखिकेचं काम टंकायचं, समजायचं नाही. झोप लागत नव्हती. भावोजी बाहेरच्या खोलीत अकरा पावलं मोजत होते, आणि मी आत कुशीवर कुशी बदलत होते.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला वरच्या कचेरीतला शिपाई माझ्या खिडकीशी टपाल घेऊन आला. चांगला माणूस, पण बोलका.

“काय हो, त्या मुकादमांचं काम राहिलंच शेवटी,” तो म्हणाला. “वाईट वाटतं. इतकं सोपं होतं.”

“सोपं कसलं?” मी म्हटलं.

“अहो, सोमवारीच साहेबांनी सांगितलं त्यांना. ज्या बाईंनी नोंद घेतली त्यांनीच लिहून दिलं की नोंद चुकली, तर शुद्धिपत्रक काढता येतं. त्यांना घेऊन या म्हणाले. तर हे म्हणाले, ती बाई सापडत नाही. साहेबांनाही तेच हवं होतं, त्यांनी पुढे विचारलं नाही.”

 शिपाई टपाल ठेवून गेला. त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की ती सापडत नसलेली बाई त्याच्याकडून टपाल घेऊन सही करते आहे, आणि रात्री त्या मुकादमांच्याच घरी जेवते.

मी खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी टांगली. दहा वाजता. रांगेतले लोक ओरडले, ओरडू देत. वसाहत पाच मिनिटांवर. मी पळतच गेले. भावोजी घरातच होते, दार ते मोरी, मोरी ते दार. ताई खिडकी पुसत होती.

“ती बाई सापडत नाही?” मी दारातूनच म्हटलं. “सोमवारपासून सापडत नाही?”

ते थांबले. ताई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागली. “कोण बाई? काय चाललंय तुमचं?”

“मी,” मी म्हटलं. “ताई, मी. मी लिहून दिलं असतं तर हे सोमवारी मिटलं असतं. आणि यांनी मला सांगितलं नाही.”

“सांगून काय करणार होतो?” भावोजी म्हणाले. “तू साहेबांच्या विरुद्ध लिहून दिलंस की तुझं कंत्राट गेलं. घरात एकाचं तरी काम राहू दे.”

“पण भावोजी, मला माहीत होतं!” माझा आवाज चिरकला. “तुमचा हात थांबचा होता हे मला तेव्हाच कळलं होतं. मी लहानपणापासून बघतेय तो हात. कळलं होतं, तरी मी एकमतानं असं लिहिलं. घाबरले म्हणून लिहिलं.”

मला वाटलं होतं, ते निदान एकदा तरी रागावून बघतील. ते फक्त म्हणाले, “मला माहीत आहे. मी हात वर केला तेव्हा तू माझ्याकडेच बघत होतीस.”

म्हणजे हे सगळे दिवस त्यांना माहीत होतं. कारकून हसला तेव्हा, साहेबानं पुस्तक परत केलं तेव्हा, नळावरच्या बायका गप्प झाल्या तेव्हा. रोज सकाळी माझ्याबरोबर चपला घालताना माहीत होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ताई मटकन पलंगावर बसली, फडकं हातात तसंच.

“उठ,” ती मला म्हणाली. “अजून दीड तास आहे.”

“नको,” भावोजी म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा!” ताई त्यांच्यावर कडाडली. “आयुष्यभर गप्प बसलात, आता आणखी थोडं बसा.”

मी परत गेले. काही महिने सरकारी कागदांत काढल्यावर नाही म्हटलं तरी अक्कल येते, मी तर या कक्षाआधीही दुसऱ्या कचेरीत तीन महिने बदलीवर काढले होते. कागद घेऊन साहेबांकडे गेलं तर साहेब तो टेबलाच्या खणात ठेवतात. कागद आधी आवक-जावकच्या बाईंकडे द्यायचा. त्यावर क्रमांक पडला, तारीख-वेळेचा शिक्का बसला, की त्या कागदाला पाय फुटतात, मग त्याला खणात बसवता येत नाही. मी माझ्याच यंत्रावर खुलासा टाइप केला. सभेत कामगारांनी वर केलेले हात संमतीचे नसून काम थांबवण्याच्या खुणेचे होते. ही खूण मला पूर्वीपासून ठाऊक आहे. ती ठाऊक असूनही मी चुकीची नोंद केली. तीन प्रती काढल्या, एकीसोबत पुस्तकातलं ते पान जोडलं. आवक-जावकच्या बाईंनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि तीनही प्रतींवर शिक्का मारला. अकरा वाजून पाच मिनिटं. एक प्रत राजधानीला फॅक्सनं पाठवा असं मी म्हटलं, तेही त्यांनी केलं. त्यांचा भाऊ साचेखात्यात होता, हे मला मागाहून कळलं.

मग जिना चढून छोट्या साहेबांकडे. त्यांनी कागद वाचला, शिक्क्यावर बोट फिरवलं, आणि कपाळाला हात लावला.

“ही ‘ठाऊक असूनही’ची ओळ काढा,” ते म्हणाले. “नकळत चूक झाली, असं लिहा. तुमचाच फायदा आहे.”

“कळून केलेली चूक आहे, साहेब.”

“तुमचं कंत्राट माझ्या सहीवर आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग बारा वाजायला चाळीस मिनिटं आहेत,” मी म्हटलं. तोंड सुटलं होतं. “कागद नोंदला गेलाय, राजधानीला पोचलाय. आता गॅस बंद झाला आणि उद्या कुणी विचारलं, की तुमच्याकडे अकरा वाजून पाच मिनिटांनी काय आलं होतं, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. मी तर तोवर इथे नसेनच.”

 मग त्यांनी फोन उचलला. आधी राजधानी, तिथून थांबा, नंतर करतो, मग पुन्हा राजधानी. मी उभीच. घड्याळाचा काटा इतका जोरात सरकतो हे मला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. बाराला सात मिनिटं असताना त्यांनी कारखान्याला फोन लावला आणि म्हणाले, “गॅस चालू ठेवा. पुढचा आदेश येईपर्यंत.” फोन ठेवून मला म्हणाले, “तीन महिने. सुधारित इतिवृत्त, मग फेरविचार. तीन महिन्यांत गिऱ्हाईक नाही आलं तर काहीही करता येणार नाही.” आणि माझ्याकडे न बघता, “कक्षाच्या किल्ल्या शिपायाकडे देऊन जा.”

मी किल्ल्या दिल्या. शिपायाच्या डोक्यात आता प्रकाश पडला असावा. तो दोन्ही हातांनी किल्ल्या घेऊन नुसता उभा राहिला.

जिन्याच्या खाली भावोजी उभे होते. घरात राहवलं नसेल, मागोमाग आले असतील, आणि वर यायचा धीर झाला नसेल. शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात अडकवलेली. बाहेर कारखान्याच्या गेटपाशी शंभरेक माणसं जमून चिमणीकडे बघत उभी होती. बारा वाजून गेले होते आणि धुराची बारीक रेघ अजून निघत होती. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली होती. भावोजींची त्या बाजूला पाठ होती.

मी धावत शेवटच्या पायऱ्या उतरले. “भावोजी, चालू राहणार! तीन महिने! त्यांनी फोन केला, माझ्यासमोर केला...”

“ते कळलं,” ते म्हणाले. नऊ दिवस त्या एका गोष्टीसाठी त्यांनी प्रत्येक टेबलापुढे मान वाकवली होती, आणि आता ती हाती आल्यावर त्यांनी तिकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. “तुझं काय झालं ते सांग.”

 मी नुसती नकाराची मान हलवली. त्या भर दुपारी, सगळ्या कचेरीच्या देखत, त्यांनी मला जवळ घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते मोठ्यानं रडले.